दोन्ही कानांतला तोल गेला तेव्हा

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण तिच्यापायी माझा बराच वेळ वाया गेला. या आजारात चक्कर येत नाही. खोली गरगरत नाही, ओकारी येत नाही, डोकं दुखत नाही. पडून राहिलं तर माणूस अगदी धडधाकट वाटतो. उठून चालायला लागलं की मात्र रस्ता, भिंती, दुकानांच्या पाट्या आपल्या चालीबरोबर खालीवर उड्या मारतात. डोळे मिटले की आपण उभे आहोत की पडतो आहोत, ते कळत नाही. तुमचं असं होत असेल तर डॉक्टरांना "चक्कर येते" असं सांगू नका. जे होतं ते तसंच्या तसं सांगा. मी "चक्कर" म्हणाले आणि चक्करच्या गोळ्या खात बसले.

अमरावतीच्या बाहेर आमची रोपवाटिका आहे. झेंडू, शेवंती, टोमॅटो, वांगी, मिरची यांची रोपं आम्ही ट्रेमध्ये वाढवून विकतो. माझे पती दिलीपराव माती, पाणी आणि मजूर बघतात. ऑर्डरी, गाड्या, बियाणं, पंचांगातले दिवस, हे सगळं माझ्याकडे. मी याद्यांवर जगणारी बाई आहे. आजारपणाचीही यादी करता येईल असं मला वाटलं होतं.

धरण

आजाराआधीची दोन वर्षं मी मोर्शीकडच्या धरणावर विंडसर्फिंग शिकत होते. हे वाचून अमरावतीचे लोक हसतात, मला माहीत आहे. खडसे सर म्हणून निवृत्त क्रीडाशिक्षक आहेत. त्यांनी कोकणातून दोन जुने बोर्ड आणले होते आणि रविवारी सकाळी ते आमच्यासारख्या मोठ्या माणसांना शिकवत. बोर्ड म्हणजे लांब फळी, तिच्यावर डोलकाठी आणि शीड. फळीवर उभं राहायचं, शीड हातांनी तोलायचं आणि वाऱ्यावर जायचं. पहिल्या दिवशी मी नुसती पडत होते. काठावर मासे धरणाऱ्या एकाने ओरडून विचारलं, "काकू, धुनं वाळू घालून राहिल्या काय?" मला राग आला नाही. लांबून तसंच दिसत असणार.

लहानपणी विहिरीत पोहायला शिकले होते, त्यामुळे पाण्याची भीती नव्हती. हळूहळू सरळ जायला शिकले, मग थांबत थांबत वळायला. उरली होती जाइब. जाइब म्हणजे वारा पाठीवर घेऊन, वेग न सोडता वळणं. गुडघे वाकवून फळी आतल्या कडेवर कलती करायची. वळणाच्या मध्यावर शीड सोडायचं, ते डोलकाठीभोवती फिरून दुसऱ्या बाजूला येतं. तेवढ्यात पायांची अदलाबदल करायची आणि शीड पुन्हा धरायचं. सर म्हणत, पायांकडे बघू नका, जिथे जायचं आहे तिकडे बघा. माझं अर्ध्यापर्यंत सगळं नीट व्हायचं आणि पाय बदलताना मी पाण्यात.

पावसाळ्याआधीच्या शेवटच्या रविवारी मी ते वळण पूर्ण केलं. पलीकडे निघाले आणि आनंदाच्या भरात शीडच सोडून दिलं, म्हणून पडले. सर म्हणाले, ही मोजायची नाही. मला एक जाइब हवी होती. न पडता, एकच.

दिलीपरावांना हे कधी पटलं नाही. त्यांना पोहता येत नाही. ते मला गाडीतून सोडायला यायचे आणि पाण्याकडे पाठ करून बसायचे. दर शनिवारी एकदा तरी म्हणायचे, "उद्या नको जाऊ."

अकोल्याचा दवाखाना

श्रावणात नात्यातल्या एका कार्यक्रमाला अकोल्याला गेले होते. तिथेच थंडी वाजून ताप भरला. मूत्रपिंडाचा संसर्ग होता आणि तो रक्तात पसरला होता. मोठ्या जाऊबाईंनी, म्हणजे दिलीपरावांच्या वहिनींनी, मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. आम्ही सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतो.

दवाखान्याचा दिवस फिनेलच्या वासाने सुरू होतो. मग ताप, रक्तदाब, सलाईन, इंजेक्शन, डॉक्टरांची फेरी. मग काहीच नाही, नुसतं छत. शुद्धीत असताना कोणतं औषध किती वाजता ते मी मोबाईलमध्ये लिहीत होते. पुढे शब्द जुळेनासे झाले. एका संध्याकाळी डॉक्टरांनी अमरावतीहून आलेल्या दिलीपरावांना बाहेर बोलावलं. ते परत आले आणि माझ्या पायांवरची चादर सारखी करत बसले. चादर सारखीच होती. त्या चादरीवरून मला कळलं की मी मरू शकते.

त्या रात्रीपासून दुसरी, जबर इंजेक्शनं सुरू झाली. त्यांनी ताप उतरला. मी जगले ती त्या इंजेक्शनांमुळे, हे मी पुढच्या सगळ्या दुःखातही विसरले नाही. तुम्हीही विसरू नका. दोष द्यायला कोणी सापडला की बरं वाटतं, पण माझ्या बाबतीत तसं कोणी नाही.

घरी सोडलं तेव्हा अमरावतीचा प्रवास नको, म्हणून मोठ्या बाईंकडेच राहिले. पहिल्याच आंघोळीला डोक्यावरून पाणी घेताना डोळे मिटले आणि थेट बादलीवर आपटले. कपाळाला टेंगूळ आलं. सगळे म्हणाले, अशक्तपणा. मीही तेच म्हणाले. मोठ्या बाईंनी डिंकाचे लाडू केले. तेही मी खाल्ले.

महालक्ष्म्या

भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात, म्हणजे बाकी महाराष्ट्रातल्या गौरी. मोठ्या बाईंचं घर त्या दिवशी बायकांनी भरलेलं असतं. आंबील, सोळा भाज्या, पुरण. संध्याकाळी आरती झाली. आरतीनंतर सगळे हात जोडून, डोळे मिटून स्वतःभोवती एक फेरी घेतात, तशी मीही घेतली. अर्धी झाली असेल. पायाखालचं सगळं निघून गेलं. मी डोलले, बाजूच्या बाईला धरायला गेले, ती सरकली, आणि मी महालक्ष्म्यांच्या पुढ्यात आडवी पडले.

कोणी डॉक्टर म्हणालं नाही, कोणी पाणी म्हणालं नाही. शेजारच्या एक म्हाताऱ्या आजी शांतपणे म्हणाल्या, "अंगात आलं व तिच्या."

मोठ्या बाई माझ्यासमोर बसल्या. कपाळाला बोटभर कुंकू लावलं आणि हात जोडून विचारलं, "माय, काय चुकलं आमचं?"

मी म्हणाले, "बाई, मी शोभा आहो. मी पडली फक्त."

"मायच बोलून राहिली," आजी म्हणाल्या. "शोभाचा आवाज असा नाई."

आवाज आजारपणाने बसला होता. पण मी जे बोलेन ते देवीचं ठरत होतं, आणि नाही म्हणणं हेसुद्धा देवीचंच. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या बायका नारळ, खण घेऊन आल्या. एकीने विचारलं, पोराचं लग्न कधी जमेल? मी म्हणाले, मला माहीत नाही. ती समाधानाने मान हलवून निघून गेली. बाहेर सांगताना मला ऐकू आलं, मायनं अजून वेळ सांगितली नाही म्हणे.

आज मला हे सांगताना हसू येतं. तेव्हा नाही आलं. मी भिंतीला टेकून बसले होते, समोरच्या बायकांचे चेहरे माझ्या प्रत्येक हालचालीबरोबर हलत होते, आणि त्या माझ्या पाया पडत होत्या. इतकं एकटं मला दवाखान्यातही वाटलं नव्हतं.

दिलीपराव अमरावतीहून आले आणि भांडण झालं. ते म्हणाले, वैनी, हे बिमार माणूस आहे, देवी नोय. मोठ्या बाई कधी आवाज चढवत नाहीत, तेव्हाही चढवला नाही. म्हणाल्या, "तुमी बायकोले धरनावर फळीवर नाचाले नेता, ते चालते. आन मी मायचं नाव घेतलं तं मी येडी."

त्याच दिवशी दिलीपराव मला गाडीत घालून अमरावतीला घेऊन आले.

निदान

अमरावतीत आधी काही आठवडे नेहमीच्या डॉक्टरांच्या चक्करच्या गोळ्या खाल्ल्या, मग कानाच्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांचा दवाखाना राजापेठेत, शिकवणीच्या एका वर्गावर आहे. त्यांनी मला चक्करबद्दल काहीच विचारलं नाही. पाय जुळवून उभं राहा म्हणाल्या, मग डोळे मिटा. मी त्यांच्या अंगावर गेले. मग माझं डोकं दोन्ही हातांत धरून झटकन वळवलं आणि माझ्या डोळ्यांकडे बघितलं. चेहरा वळतो तेव्हा डोळे जागेवर टिकायला हवेत, ते माझे घसरत होते. शेवटी एकेका कानात गार पाणी सोडलं. गार लागलं, बाकी काही नाही. मला वाटलं, मी पास झाले.

त्या म्हणाल्या, "शोभाताई, पाणी सोडल्यावर तुम्हाला गरगरायला हवं होतं. दोन्हीकडे काहीच झालं नाही."

तोल सांभाळणारा भाग कानाच्या आत असतो, आणि त्या इंजेक्शनांनी माझा तो भाग दोन्ही बाजूंनी निकामी झाला होता. ऐकू येणं शाबूत होतं. एका बाजूचं जातं तेव्हा गरगरतं. दोन्हीकडचं गेलं की गरगरण्यासारखंही काही उरत नाही.

मी प्रश्न लिहून नेले होते. हे परत येईल का? बहुधा नाही, म्हणाल्या, पण डोळे आणि पाय बरंचसं काम शिकून घेतील, व्यायाम करावे लागतील. काम करता येईल का? येईल. स्कूटर? नको. शेवटचा प्रश्न धरणाचा होता. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"पाण्यात नाही. डोकं पाण्याखाली गेलं आणि काही दिसेनासं झालं, तर वर कोणतं ते तुम्हाला कळणार नाही."

मी हो म्हणाले आणि मनातून विश्वास ठेवला नाही. वर कोणतं हे कोणाला कळत नाही? दगडालासुद्धा खाली कळतं.

बाहेर दुचाक्यांची गर्दी होती. दिलीपरावांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, "धरनाच्या पान्यानंच झालं हे." डॉक्टरांनी तसं सांगितलं नाही, मी म्हणाले. ते म्हणाले, ते कशाले सांगतील. हेच भांडण आम्ही पुढे कितीतरी महिने, कधी मोठ्याने, कधी नुसत्या भांड्यांच्या आवाजात चालू ठेवलं.

ते वर्ष

ते वर्ष वाईट गेलं. बरं होण्याच्या गोष्टींत जो चढता आलेख असतो तसा इथे नव्हता. भेंडीच्या बियाण्याचं एक पाकीट मी भिंतीवर चिकटवलं होतं. त्यावरची अक्षरं वाचत डोकं डावीउजवीकडे हलवायचं, दिवसातून अनेकदा. अक्षरं उड्या मारत. थकवा असा येई की दुपारी जेवणाचं ताट उचलवत नसे. मग काही आठवड्यांनी अक्षरं जरा थांबली. मी खूश झाले. आणि त्याच संध्याकाळी दिवे गेले तर हॉलमधून स्वयंपाकघरात जाताना पडले. डोळ्यांना दिसतं तोवरच माझा तोल आहे. अंधार म्हणजे तोल नाही.

रोपवाटिकेत सावलीच्या जाळीखाली जमीन उंचसखल आहे. मी ट्रेच्या कडा धरत चालायचे. नव्या मजुरांना वाटायचं मालकीण पिऊन येते. जुन्या बायका त्यांना गप्प करायच्या, तेही मला ऐकू यायचं. दिलीपराव माझ्या मागेमागे चालत. त्यांनी माझ्या याद्याही स्वतःकडे घेतल्या आणि मिरचीची ऑर्डर वांग्याच्या गिऱ्हाइकाला गेली. त्यावर मी एवढी ओरडले की जाळीखालचे मजूर हातातलं काम सोडून बघायला लागले. "मी लहान लेकरू नोय," मी म्हणत होते. ते म्हणाले, "मंग पडत नको जाऊ." नंतर आम्ही दोघं वेगवेगळ्या टोकांना रोपं मोजत बसलो.

ज्यांना हा आजार आहे त्यांच्यासाठी इथे चार उपयोगाच्या गोष्टी सांगते. आंघोळ स्टुलावर बसून करा, केस धुताना एक हात भिंतीला लावा. खिशात छोटी टॉर्च ठेवा, रात्री बाथरूमचा दिवा चालू राहू द्या. गर्दीत वळायचं असेल तर आधी नजर एका खांबावर ठेवा, मग अंग वळवा. आणि घरच्यांना एकदा डोळे बांधून गादीवर उभं राहायला सांगा. मी दिलीपरावांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, कदाचित माझं पडणं त्यांना आणि त्यांचं मागेमागे चालणं मला आधीच कळलं असतं.

पुन्हा महालक्ष्म्या आल्या. मी जाणार नव्हते, मोठ्या बाईंचाच फोन आला. गेले तर आरतीच्या जागी भिंतीला लागून एक खुर्ची ठेवलेली. आरती संपली, बायकांनी फेरी घेतली. मोठ्या बाईंचे गुडघे दुखतात, त्या सावकाश फिरल्या. मग पुन्हा फिरल्या.

शेजारच्या आजींनी विचारलं, "दोनदा काहून व?"

"हे तिच्या वाट्याची," त्या म्हणाल्या आणि नैवेद्याची ताटं उचलायला लागल्या.

शिडाखाली

पाऊस ओसरला तसा मी खडसे सरांना फोन केला. वर्षभर व्यायाम केले होते, सपाट रस्त्यावर मी कोणाला आजारी दिसत नव्हते. लाइफ जॅकेट घालीन, म्हणाले, तुम्ही बोटीत सोबत राहा, मला फक्त एक जाइब करून बघायची आहे. सर म्हणाले, माझा नियम तुम्हाला माहीत आहे.

नियम असा की बोर्डवर उभं राहण्याआधी प्रत्येकाने शिडाखालून बाहेर येऊन दाखवायचं. वळताना पडलं तर शीड अंगावर पडतं. जॅकेट तुम्हाला वर ढकलतं, पण वर शीड असतं, पसरलेलं, पाण्याने जड झालेलं. तेव्हा जॅकेट असूनही थोडं खाली बुडी मारून बाजूने निघावं लागतं. मी हे पहिल्या दिवशी हसत केलं होतं.

घरी सांगितलं तेव्हा भांडणाची तयारी ठेवली होती. दिलीपराव भांडले नाहीत. गाडीची चावी घेऊन बाहेर जाऊन उभे राहिले.

छातीइतक्या पाण्यात आम्ही उभे होतो. पावसाचा गाळ अजून बसला नव्हता, पाणी चहासारखं होतं. खाली जाता यावं म्हणून सरांनी माझं जॅकेट उतरवलं, कमरेला दोरी बांधली, तिचं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं. शीड माझ्यावर पसरलं. म्हणाले, तयार असाल तेव्हा. मी श्वास घेतला आणि खाली गेले.

डोळे उघडे होते. दिसत काहीच नव्हतं, तपकिरी अंधार. भीती वाटली नाही, हे मी मुद्दाम लिहिते. सगळं अगदी स्वच्छ आणि शांत होतं. मला पक्कं माहीत होतं वर कुठे आहे. मी तिकडे वळले, पाय जोरात झाडले, दोन्ही हातांनी पाणी मागे टाकलं, एकदा, पुन्हा. आता डोकं बाहेर येईल म्हणून हात पुढे केला, आणि बोटं गाळात रुतली.

मऊ, गार गाळ. मी तो मुठीत धरला होता आणि तरीही मला वाटत होतं की तो माझ्या वर आहे.

दोरीने कंबर ओढली गेली. सरांनी मला उभं केलं. पाणी छातीपर्यंतच होतं, पाय टेकले असते तर मी केव्हाच उभी राहिले असते. मी खोकत होते. सर दोरी सोडायला लागले आणि त्यांना गाठ सुटेना.

काठाकडे वळले तर दिलीपराव पाण्यात होते. पँटचे पाय दुमडलेले, गुडघ्याच्या वर पाणी, एक हात काहीतरी धरायला हवं असल्यासारखा पुढे. त्यापुढे त्यांना येता येत नव्हतं. ते माझ्या मुठीकडे बघत होते. तोवर मला कळलंही नव्हतं की मूठ अजून मिटलेली आहे.

मी त्यांच्याजवळ गेले आणि सांगितलं, मला वाटलं मी वर चालले आहे.

त्यांनी ओंजळीत पाणी घेऊन माझा हात धुतला. नीट, एकेक बोट, रोपाची मुळं धुतात तसा. मग सरांकडे बघितलं, शिडाकडे बघितलं, आणि ज्या माणसाने दर शनिवारी मला नको जाऊ म्हटलं होतं तो माणूस म्हणाला, "अजून एकदा पाहाचं असंन तं पाहा. मी आहो इथं."

वारा चांगला होता. जाइबला असा वारा लागतो.

"नाई," मी म्हणाले. "झालं."